बूट होत नाही

दादांच्या घरात बूट हा शब्द मिठासारखा होता. प्रत्येक बोलण्यात चिमूटभर पडायचाच. सकाळी डोळे उघडले की दादा विचारणार, "तो डावा बूट वाळला का गं?" आणि निजताना उशीवर डोकं टेकता टेकता म्हणणार, "उद्या त्या जाड तळाच्या बुटाचं बघतो." मागच्या दोन खोल्यांत संसार आणि पुढच्या खोलीत कारखाना. भिंतीवर पायाच्या आकाराचे लाकडी फर्मे ओळीनं टांगलेले, चामड्याचा आणि गोंदाचा वास पार स्वयंपाकघरापर्यंत. दादा साधे बूट करत नसत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल आत वळलेलं, कुणाच्या टाचेला जमीनच सोसत नाही; असे पाय शोधत शोधत त्यांच्याकडे येत.

सगळी गल्ली त्यांना दादा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला वहिनी. नात्यानं तसं म्हणणारा माणूस एकच, दादांचा धाकटा भाऊ. तो दुसऱ्या गावी कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. त्याच्या ऑफिसातून निघालेला एक जुना कॉम्प्युटर त्यानं या घरात आणून बसवला आणि रबराची गादी कोरणारं एक छोटं यंत्र त्याला जोडून दिलं. पडद्यावर पायाचा आकार काढायचा, कुठे उंच, कुठे खोल ते सांगायचं, की यंत्र बुटाच्या आतली गादी तंतोतंत तशी कोरून देई.

दादांनी आधी नाक मुरडलं होतं. "पाय मला हाताला कळतो. या डबड्याला काय कळणार?"

कॉम्प्युटर वहिनीच शिकल्या. दिरानं शेजारी बसून शिकवलं, वहिनींनी मान खाली घालून, स्वतःशी पुटपुटत शिकून घेतलं. दादांना फक्त त्याचं बटण दाबता येई, आणि तेवढं ते रोज सकाळी मोठ्या ऐटीत दाबत.

त्या शुक्रवारी सकाळी त्यांनी बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला. वर कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, बाकी अंधार.

वहिनी तेव्हा मागच्या खोलीत जपाला बसल्या होत्या. त्यांचा नेम होता, माळ पूर्ण होईपर्यंत तोंडातून दुसरा शब्द काढायचा नाही. लग्न होऊन आल्या तेव्हापासूनचा. घरातली माणसंही त्या वेळेला त्यांना काही विचारत नसत. दादा दारात येऊन उभे राहिले, बायकोचे मिटलेले डोळे पाहिले, आणि आल्या पावली परत फिरून भावाला फोन लावला.

"अरे, तुझं ते डबडं उठत नाही."

पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. मग दादांचा आवाज आला, "बूट होत नाही? कुणाचा बूट?" पुन्हा बोलणं. "असं? कॉम्प्युटर जागा होतो त्याला बूट होणं म्हणतात? मग आधी नाही का सांगायचं? आपलाच शब्द की हा." आवाजात कौतुक मावत नव्हतं. इतकी वर्षं ज्या वस्तूनं त्यांना घरात परकं केलं होतं, तिनं आज त्यांच्या धंद्यातला शब्द उचलला होता.

वहिनींच्या बोटांत मणी पुढे सरकत होते. त्यांनी मन माळेत ओढून घेतलं. थोड्या वेळानं फोन वाजला. भाऊजींचाच असणार. पुढच्या खोलीतून दादांचं बोलणं ऐकू येत होतं, "नाही हो, बूट होत नाहीये. सकाळपासून खटपट चाललीय. आतूनच काहीतरी गेलंय. जुनंच आहे ना ते, किती ओढाताण करणार? आता नाहीच होणार असं दिसतंय." मग थोडं थांबून, "हो, हो. बरं."

भाऊजींशी बोलताना हे 'नाही हो' कधीपासून, असं वहिनींच्या मनात आलं. पण मणी बोटात होता. विचार आला तसा त्यांनी जाऊ दिला.

माळ पूर्ण झाली, डोळ्यांना लावून ठेवली, आणि वहिनी पुढे आल्या. तोवर दिराचा फोन आलाच. या वेळी त्यांनीच घेतला.

"काय वहिनी, तुमचं मौन आणि कॉम्प्युटरचं मौन एकाच सकाळी? दोघांनी ठरवून धरलं का?"

"माझं सुटलं, भाऊजी. आता त्याचं सोडवा."

"सोडवू. आतलं सामान सगळं जागच्या जागी असणार, फक्त दाराची कडी आतून पडलीय. त्यासाठीच तर मी तुम्हाला फ्लॉपी करून ठेवली होती. अडचणीला लागेल म्हणून सांगितलेलं. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, बूट. ती घाला आणि मग बटण दाबा."

वहिनींनी खण उघडला. 'बूट' लिहिलेली निळी फ्लॉपी सगळ्यांत वर होती, कडा वापरून गुळगुळीत झालेली. ती घातली, बटण दाबलं. आतून घरघर आली, आणि पडद्यावर पुन्हा काळोख, पुन्हा एक ओळ. वहिनींनी ती अक्षरं एकेक करून दिराला वाचून दाखवली.

"म्हणजे ही ती फ्लॉपी नव्हे," तो म्हणाला. "तिच्यावर काही ठेवलंत का तुम्ही?"

"हो, बूट ठेवले."

"कसले बूट?"

"आपलेच. अहो, तुम्हीच नाही का म्हणालात, हा बूट आहे, अडचणीच्या वेळी लागेल? म्हणून जे अडचणीचे पाय होते त्यांचे आकार मी तिच्यावर ठेवत गेले. आत आधी काहीबाही भरलेलं होतं, जागा नाही म्हणत होती. मग पुसून स्वच्छ केली."

 तिकडून हसण्याचा दबका आवाज आला. ऑफिसात मोठ्यानं हसता येत नसावं.

"वहिनी, चूक माझी. चांभाराच्या घरात फ्लॉपीवर बूट लिहिलं मी. आणखी काय होणार? आत्ता तिच्यावर काय आहे?"

"त्या शाळेतल्या बाईंचे बूट. पहिले, चावणारे."

हे बोलता बोलता वहिनींची नजर काळ्या पडद्याकडे गेली. शाळेतल्या बाई.

बाईंचा डावा पाय लहानपणापासून आखूड, आणि पाऊल बाहेरच्या कडेवर कललेलं. कितीतरी कारागिरांनी तो पाय हातात घेऊन खाली ठेवला होता. होणार नाही, असं त्या पायानं इतकेदा ऐकलं होतं की बाई पहिल्या दिवशी दारात आल्या तेव्हा त्यांनी स्वतःच म्हणून टाकलं होतं, "नाही झालं तरी चालेल हं." शाळेत त्या कॉम्प्युटरच्या खोलीत बसून काम करत, कारण ते बसून करता येई. शिकवायचं शिक्षण घेतलेलं, पण वर्ग कधी मिळाला नव्हता. वर्ग म्हणजे दिवसभर उभं राहणं. आता मोठ्या बाईंनी विचारलं होतं, सोमवारपासून एक वर्ग घेणार का? उत्तर आज शाळा सुटायच्या आत द्यायचं होतं.

पहिल्या गादीनं त्यांच्या टाचेतून रक्त काढलं होतं. दुसरीनं घोटा सुजला. मग महिनोन्‌महिने बाई यायच्या, चालून दाखवायच्या, इथे टोचतं, इथे बरं वाटतं असं सांगायच्या, आणि वहिनी पडद्यावर केसभर इकडे, केसभर तिकडे करत. गेल्या आठवड्यात आकार बसला. बाई या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालल्या आणि त्यांनी काहीच सांगितलं नाही. नुसत्या पुन्हा चालल्या. चालून बघायची ती गादी मऊ रबराची, चालता चालताच दबून गेलेली; पक्की कोरायची अजून राहिली होती. तो आकार आता या काळ्या पडद्यामागे होता आणि दुसरीकडे कुठेच नव्हता.

"हातानं कोरतो," दादा म्हणाले. "अंदाज आहे मला."

"अंदाजानंच रक्त निघालं होतं, अहो," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. दादांनी हातातली आरी खाली ठेवली. बायको रागावली नव्हती हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

दीर फोनवर होताच. "तशी फ्लॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर करता येईल. फक्त त्यात आपल्याच पिढीची यंत्रणा हवी. कुणाकडे आहे का?"

"बाईंच्या शाळेत आहे," वहिनी म्हणाल्या. "त्याच म्हणाल्या होत्या, आमचा तुमच्यासारखाच आहे, तसाच कुरकुरतो. थांबा, त्यांनाच फोन करते."

"बाईंचा येऊन गेला की," दादा मागून म्हणाले. "तू जपाला होतीस तेव्हा. आमचं कुठवर आलं, विचारत होत्या. सांगितलं मी."

"काय सांगितलंत?"

"हेच. बूट होत नाहीये म्हणून."

वहिनी गर्रकन वळल्या. दादांच्या चेहऱ्यावर अजून त्या नव्या शब्दाचं थोडं कौतुक शिल्लक होतं.

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. बरं म्हणाल्या. तुम्ही मनापासून केलंत म्हणाल्या. फार समजूतदार बाई." हे म्हणता म्हणता दादांचा आवाज मंदावला. स्वतःचं मघाचं बोलणं त्यांना एकेक शब्दानं परत ऐकू येत असावं. आतूनच काहीतरी गेलंय. जुनंच आहे ते. नाहीच होणार. ते स्टुलावर बसले. "अगं, मी कॉम्प्युटरचं बोलत होतो."

"त्यांना कसं कळणार?"

वहिनींनी शाळेत फोन लावला. कारकुनानं सांगितलं, बाई कामात आहेत, निरोप असेल तर द्या. निरोप काय देणार? बूट होत नाही तो बूट वेगळा, हे कारकुनाच्या तोंडून बाईंपर्यंत कोणत्या रूपानं पोचलं असतं देव जाणे. त्यांनी खणातली एक कोरी फ्लॉपी पिशवीत टाकली, चपला पायात सरकवल्या आणि निघाल्या.

रस्ताभर त्यांना एकच गोष्ट डाचत होती. त्यांनी ते बोलणं ऐकलं होतं, शब्दन्‌शब्द. नेम मोडला असता तर? पण कुणाशी चाललंय हे ठाऊकच नव्हतं. चालता चालता त्यांनी मनातल्या मनात हात जोडले. नेम मी पाळला, आता त्यातून जे सांडलं ते भरून घ्यायला पाय चालू ठेव, एवढंच म्हणाल्या आणि पावलं उचलली.

कॉम्प्युटरची खोली जिन्याखाली होती. बाई खुर्चीत सरळ बसून काहीतरी टाइप करत होत्या. वहिनींना पाहून त्यांनी चटकन हसू आणलं. ते फार सवयीचं होतं.

"तुम्ही मुद्दाम कशाला आलात, वहिनी? दादांनी सांगितलं मला. मी वाईट वाटून घेतलेलं नाही. जुनंच आहे ते, हे खरंच आहे. जुन्या पायाची किती ओढाताण करणार?"

"बाई, ऐका तर."

"मोठ्या बाईंना सांगायला वरच जाणार होते. त्या कुणाशी तरी बोलतायत म्हणून थांबले. इथे बसून करतेय तेही कामच आहे की."

"अहो, बूट होत नाही तो तुमचा नव्हे, आमचा."

बाईंना काहीच कळलं नाही. त्यांची नजर वहिनींच्या चपलांकडे गेली.

"म्हणजे पायातला नव्हे," वहिनी धापा टाकत म्हणाल्या. "कॉम्प्युटरचा. तो उठत नाहीये. त्याला बूट होणं म्हणतात म्हणे. दादांनी शब्द आजच ऐकला आणि पहिला तुमच्यावरच वापरला."

बाई खुर्चीतच वहिनींकडे पुरत्या वळल्या. "जुनंच आहे ते," त्या हळूच म्हणाल्या, "हे कॉम्प्युटरला?"

"कॉम्प्युटरला."

"आतूनच गेलंय?"

"तेही त्यालाच."

बाई हसायला लागल्या. तोंडावर हात धरून हसल्या, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वहिनींनी खुर्ची ओढली आणि दुसरीकडे, खिडकीकडे बघत बसल्या. माणसाला डोळे पुसायला तेवढी सवड द्यावी लागते.

"आणि मी कॉम्प्युटरच्या खोलीत बसलेली," बाई चष्मा चढवत म्हणाल्या. "हा शब्द मी दिवसातून कितीदा बोलते. पण दादांच्या तोंडून मला तो पायाचाच ऐकू आला."

मग वहिनींनी सगळं सांगितलं. निळ्या फ्लॉपीचं सांगितलं तेव्हा बाई पुन्हा हसल्या, पण त्यांचे हात कामाला लागले होते. कोरी फ्लॉपी आत गेली. कुठेसं दाबलं, पडद्यानं काहीतरी विचारलं, बाईंनी हो म्हटलं. यंत्र कुरकुरत एकेक गोष्ट फ्लॉपीवर उतरवू लागलं. आपण दुसऱ्याच्या घरून विरजण नेतोय असं वहिनींना वाटलं; जरासंच, पण त्याशिवाय आपलं दही लागायचं नाही.

"वहिनी," पडद्यावरची नजर न काढता बाईंनी विचारलं, "यानं उठेल ना तो?"

वहिनींच्या ओठांवर हो आलं होतं. ते त्यांनी परतवलं. "भाऊजी म्हणतात उठेल. मला माहीत नाही, बाई. खोटा धीर देणार नाही. उठला तर आकार आत आहे, आणि मग रविवारी संध्याकाळपर्यंत बूट तुमच्या पायात असेल, हे मात्र मी सांगते. शाळा सुटायच्या आत फोन करीन, काहीही झालं तरी."

बाईंनी मान हलवली. "मग तोवर मी वर जात नाही. नाही म्हणायला काय, शेवटची घंटा झाली तरी पुरते."

फ्लॉपी बाहेर आली. बाईंनी तिच्या कोपऱ्यातली बारकी खिडकी नखानं सरकवली. "ही उघडी राहू दे. ही उघडी असली की आत कुणाला काही लिहिता येत नाही, पुसता येत नाही."

"उलटंच की," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे खिडकी उघडी राहिली की मांजर येतं."

बाईंनी पेन पुढे केलं. वर काय लिहायचं? बूट तर नकोच. वहिनींनी थोडा विचार केला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'जाग'.

घरी पोचल्या तेव्हा दादा त्याच स्टुलावर होते. चहा झाकून ठेवलेला, घेतलेला नव्हता. वहिनींनी दिराला फोन लावला, फोन दादांच्या हातात दिला आणि स्वतः कॉम्प्युटरपुढे बसल्या. 'जाग' आत घातली. बटण दाबलं. घरघर झाली, थांबली, पुन्हा झाली. काळ्या पडद्यावर ओळी एकामागून एक वर चढू लागल्या आणि शेवटी एक पांढरी रेघ लुकलुकत उभी राहिली.

"रेघ लुकलुकतेय," दादांनी फोनमध्ये सांगितलं.

आता दीर सांगत होता, दादा मोठ्यानं म्हणत होते आणि वहिनी टाइप करत होत्या. "एस. वाय. एस. मग मोकळी जागा. मग सी. मग कोलन." दादा थांबले. "कोलन म्हणजे काय रे?" ऐकून घेतलं. "दोन टिंबं, एकावर एक, म्हणतोय."

"विसर्ग म्हणा की," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचं बोट त्या टिंबांवर गेलं. विसर्ग त्यांना रोजच्या स्तोत्रात पावलोपावली भेटत असे. तो इथेही कामाला येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

कॉम्प्युटरनं थोडं आढेवेढे घेतले, मग एक ओळ आली. दादांनी ती अक्षर अक्षर वाचली. पलीकडून सूचना आली, फ्लॉपी काढा आणि पुन्हा बटण दाबा.

वहिनींनी फ्लॉपी काढली. बटणाकडे बोट नेलं आणि मागे घेतलं.

"तुम्ही दाबा," त्या दादांना म्हणाल्या. "रोजचं तुमचंच आहे."

दादांनी पँटीला हात पुसले आणि दाबलं.

पडदा काळा राहिला. मग अजून काळा राहिला. मग आत काहीतरी टकटकलं, उजेड आला, आणि रोजचं चित्र दिसायला लागलं, त्याच्या नेहमीच्या आळसात, जणू काही झालंच नव्हतं. वहिनींनी बाईंच्या पायाचा आकार उघडला. होता. कडेचा उतार, टाचेखालचा खळगा, बोटांपाशी केसभर वर उचललेला भाग. महिनोन्‌महिन्यांचं दुखणं आणि बरं वाटणं, सगळं जागच्या जागी. त्यांच्या तोंडून देवाचं नाव गेलं. त्यांनी रबराचा तुकडा यंत्रात बसवला, आणि गादी कोरायचा आवाज सुरू झाला.

"भाऊजींना म्हणावं, कडी निघाली," त्या म्हणाल्या. "आणि आता ठेवा. मला शाळेत फोन करायचाय."

"मी करतो," दादा म्हणाले.

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. दादा स्वतःहून गिऱ्हाइकाला कधी फोन करत नसत. त्यांनी नंबर फिरवला, घसा साफ केला. बाईंना बोलवायला कुणीतरी गेलं असावं, कारण ते बराच वेळ नुसतेच उभे होते. आणि मग एक आखूड, एक लांब अशी पावलं फरशीवरून येताना त्यांना ऐकू आली. ती पावलं त्यांनी हातात घेतलेली होती, ते ओळखणारच.

"हॅलो," बाई म्हणाल्या.

"बाई, मी दादा. बूट झाला."

 पलीकडून अगदी जपून, घसरड्यावर पाऊल टाकावं तसा प्रश्न आला.

"कोणता?"

दादांनी पडद्याकडे पाहिलं. मग यंत्राकडे पाहिलं. त्यातून रबराचा भुगा उडत होता आणि वहिनी पदरानं तो बाजूला सारत होत्या.

"एक झाला," ते म्हणाले. "दुसरा होतोय."